अटक झाली नाही, मग हक्क मोडला कुठे? नाशिकच्या एका तरुणाला उत्तर

अंबडच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या, सिडकोत खोली घेऊन राहणाऱ्या एका तरुणाने विचारलं आहे. दुसरी पाळी सुटल्यावर रात्री घरी येताना नाकाबंदीत पोलिसांनी त्याची मोटारसायकल थांबवली. लायसन्स, आरसी बघून झाल्यावर मोबाइल मागितला, लॉक उघडायला लावलं, व्हॉट्सअ‍ॅप चाळलं आणि ‘उद्या संध्याकाळी ठाण्यात ये, तेव्हा घेऊन जा’ म्हणून मोबाइल ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी तो सहा वाजता गेला. ओळखीच्या एका मुलाबद्दल दोन-चार प्रश्न विचारले आणि मग रात्री दीड वाजेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. निघताना कोऱ्या कागदावर सही घेतली. मोबाइल मिळाला तिसऱ्या दिवशी. गुन्हा नाही, अटक नाही, हातात एकही कागद नाही. घरमालकाला कुणकुण लागली, तर तो आता खोली खाली कर म्हणतो. त्याने लिहिलं आहे : ‘मला अटक झालीच नाही, मग माझा कोणता हक्क मोडला? की घटनेतले हक्क फक्त सुप्रीम कोर्टात जाऊ शकणाऱ्यांसाठी असतात?’

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात २६ वर्षं फौजदारी वकिली करते आहे. असा प्रश्न घेऊन माझ्या टेबलाशी येणारे बहुतेक जण आधी म्हणतात, ‘मॅडम, केस काही नाही, नुसतं विचारायचं होतं.’ केस नसते म्हणून त्यांना वाटतं की आपलं दुःख कायद्याच्या खात्यात मोजलंच जात नाही. तुमचा प्रश्न मला तसाच ऐकू आला. त्या बाकावर साडेसात तास बसलेले असताना कायदा तुमच्या बाजूने होता का? होता. तिथे तो तुम्हाला कोणी सांगितला नाही, आणि शाळेतल्या नागरिकशास्त्रात तर तो हक्कांची यादी पाठ करण्यापुरताच होता.

नाकाबंदीपासून सुरुवात करते, कारण तिथे लोकांचा एक गैरसमज असतो. तुम्हाला थांबवणं हे बेकायदा नव्हतं. पोलीस वाहन थांबवू शकतात, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० खाली लायसन्स मागू शकतात, आणि ते तुम्ही दाखवायलाच हवं. डिजिलॉकरमधलं दाखवलं तरी चालतं. सिंहस्थ तोंडावर आहे, शहरात नाकाबंदी वाढणार. प्रत्येक थांबवण्याला ‘माझ्या हक्कावर घाला’ म्हणून भांडत बसलात, तर जिथे खरंच बोलायला हवं तिथे तुमचं कोणी ऐकणार नाही.

मोबाइल मागितला तिथे मात्र गोष्ट बदलली. लायसन्स हा वाहन चालवण्याचा परवाना आहे, मोबाइल म्हणजे तुमचं घर. आईशी झालेलं बोलणं, बँकेचे मेसेज, दवाखान्याचे रिपोर्ट, कोणाशी भांडलात आणि कोणावर जीव लावलात, सगळं त्यात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. (घटनेतल्या तरतुदीला मी अनुच्छेद म्हणते आणि साध्या कायद्यातल्या तरतुदीला कलम, म्हणजे गोंधळ होणार नाही.) खासगीपणात सरकारला डोकावायचं असेल तर त्याला कायद्याचा आधार लागतो, रास्त कारण लागतं, आणि त्या कारणाला पुरेल एवढंच डोकावता येतं. ‘सहज बघू’ हे कारण होत नाही.

मग पोलिसांनी मोबाइल घ्यायचाच नाही का? तसं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याच्या वाटा आहेत. कलम ९४ खाली लेखी आदेश देऊन एखादी वस्तू किंवा उपकरण हजर करायला सांगता येतं. कलम १०६ खाली चोरीचा संशय असलेली किंवा गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय निर्माण करणारी वस्तू जप्त करता येते. आणि कलम १०५ तर सांगतं की झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण झालं पाहिजे. म्हणजे मोबाइल कायद्याने घेतला असता, तर त्याचा पंचनामा झाला असता, पंचांच्या सह्या झाल्या असत्या, जप्तीची नोंद राहिली असती. तुमचा मोबाइल दोन दिवस ठाण्यात होता आणि कागदावर तो कुठेच नव्हता. हक्क मोडला तो नेमका इथे.

लॉक उघडायला लावण्याबद्दल जपून लिहिते, कारण इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून असतं. अनुच्छेद २०(३) म्हणतो की गुन्ह्याचा आरोप असलेल्या माणसाला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. १९६१ मध्ये काठी कालू ओघड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचा नमुना घेणं या संरक्षणाबाहेर ठेवलं. २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात मात्र संमतीशिवाय नार्को चाचणी करता येणार नाही असं म्हटलं, कारण तिथे माणसाच्या डोक्यातली माहिती काढली जाते. पासवर्ड डोक्यात असतो, बोटाने उघडणारं कुलूप बोटात. त्यामुळे दोन्ही बाजूंचे वकील दोन्ही निकाल घेऊन भांडतात आणि वेगवेगळ्या न्यायालयांनी वेगवेगळं म्हटलं आहे. त्यातही तुमच्यावर तर आरोपच नव्हता. माझ्या पक्षकारांना मी एवढंच सांगते : हिसकाहिसकी करायची नाही, ‘उघडणार नाही’ म्हणून छाती काढायची नाही. शांतपणे विचारायचं, ‘साहेब, कोणत्या कलमाखाली बघताय? तसं लिहून द्या, मी सहकार्य करतो.’ तुम्ही स्वतःहून उघडून हातात दिलात, तर पुढे ‘त्याने राजीखुशीने दाखवला’ असं म्हटलं जातं, आणि मग मलाही कोर्टात फार बोलता येत नाही.

आता तो बाक. तुमच्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच, आणि नेमकं इथेच लोक सगळ्यात कमी बोलतात. ‘नुसतं बसवलं होतं हो, हात नाही लावला,’ असं आईवडील मला समाधानाने सांगतात.

पोलीस कोणालाही तोंडी ‘ये’ म्हणून रात्रीपर्यंत बसवू शकत नाहीत. बोलवायच्या वाटा दोन. तुम्ही साक्षीदार म्हणून हवे असाल, म्हणजे त्या ओळखीच्या मुलाबद्दल तुम्हाला काही माहीत असावं असं वाटत असेल, तर कलम १७९ खाली लेखी आदेश. त्यालाच आपल्याकडे समजपत्र म्हणतात. तुमच्यावरच संशय असेल आणि लगेच अटकेची गरज नसेल, तर कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस. ही नोटीस जुन्या संहितेतही होती, आणि २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने तिला दात आले : सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी अटकेची गरज तपासायची आणि कारणं लिहायची. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून भागणार नाही. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. लेखी समजपत्र किंवा नोटीस आली तर जायचंच. ती टाळणं हा तुमच्याविरुद्धचा मुद्दा होतो. साक्षीदार म्हणून गेलात तर खरं सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. फक्त ज्या उत्तराने तुम्हीच गुन्ह्यात अडकाल ते द्यायची सक्ती नाही.

इथे एक गोष्ट मध्येच सांगते, कारण ती तुमच्या घरी उपयोगी पडेल. साक्षीदार म्हणून कोणत्याही वयाच्या स्त्रीला, १५ वर्षांखालच्या मुलाला, ६० वर्षांवरच्या माणसाला, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्तीला ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जाऊन विचारायचं असतं. ‘पोरगा सापडत नाही, आईला घेऊन या’ हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता आई ठाण्यात पोचायच्या आधी मी फोनवर ठाणे अंमलदाराला हे कलम वाचून दाखवते. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. त्यांनाही कायदा माहीत असतो. पीएसआय होणारी मुलं इथेच, त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीत तो शिकून बाहेर पडतात. समोरच्या माणसालाही तो माहीत आहे, हे त्यांना कळावं लागतं.

परत बाकाकडे येते. ‘अटक’ कधी सुरू होते? कागदावर लिहिली तेव्हा, असं पोलीस म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच कस्टम्सच्या एका प्रकरणात वेगळं सांगितलं आहे : माणसाच्या हालचालीवर बंधन आलं त्या क्षणी अटक सुरू होते, अधिकाऱ्याने वहीत काय वेळ लिहिली त्यावर ती ठरत नाही. म्हणून तुम्ही तिथे विचारायला हवं होतं असं एकच वाक्य आहे : ‘साहेब, मी आता घरी जाऊ शकतो का?’ उत्तर ‘हो’ आलं, तर उठून घरी जायचं. उत्तर ‘नाही’ आलं, तर त्या मिनिटाला तुम्ही ताब्यात आहात आणि अनुच्छेद २२ लागू झाला. कारण सांगायला हवं, आवडीच्या वकिलाशी बोलू द्यायला हवं, घरच्यांना कळवायला हवं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायला हवं. अटकेचं कारणही आता तोंडी सांगून चालत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते लेखी आणि त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत द्यायचं, गुन्हा कोणताही असो.

तुम्ही म्हणाल, ‘हे विचारायची हिंमत कुठून आणू?’ खरं आहे. समोर चार गणवेशातली माणसं, वर ट्यूबलाइट, मोबाइल त्यांच्याकडे. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून हक्क सोडून दिलात असं कायदा मानत नाही. सोडून देतो म्हटलं तरी मूलभूत हक्क सोडता येत नाही. विचारण्याचा उपयोग पुरावा म्हणून असतो.

रात्रीच्या वेळेबद्दलही बोलायला हवं. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे ईडीचं एक प्रकरण होतं. चौकशीला आलेल्या ६४ वर्षांच्या माणसाचा जबाब मध्यरात्र उलटून गेल्यावरही चालू होता. न्यायालयाने म्हटलं की झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, ती अशी हिरावून घेता येणार नाही, आणि जबाब घेण्याच्या वेळांबद्दल परिपत्रक काढायला सांगितलं. त्या माणसाची अटक मात्र बेकायदा ठरली नाही, हेही सांगायला हवं. म्हणून फक्त रात्रीच्या मुद्द्यावर सगळं जिंकता येतं असं मी म्हणणार नाही. पण दोन-चार प्रश्नांसाठी साडेसात तास, तेही लेखी बोलावण्याशिवाय, हे कोणत्याही न्यायाधीशापुढे समर्थन करायला अवघड आहे. याला एक अपवाद मी मान्य करते. पळवून नेलेलं मूल शोधायचं असेल, घातपाताचा धागा हातात असेल, तर पोलीस रात्री प्रश्न विचारतील आणि विचारावेत. तेव्हाही ठाण्याच्या डायरीत तशी नोंद हवी.

आता कोऱ्या कागदावरची सही, जिच्यामुळे तुमची झोप उडाली आहे. थोडा धीर धरा. तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायचीच नसते. हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १६२ मध्ये होतं, नव्या संहितेत १८१ मध्ये आहे. आणि पोलिसांसमोर दिलेली कबुली तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ तेच सांगतं. भीती कबुलीपेक्षा दुसऱ्या कागदांची असते. तुमची सही उद्या एखाद्या पंचनाम्याच्या शेवटी दिसू शकते. म्हणून ‘अमुक तारखेला माझी कोऱ्या कागदावर सही घेतली’ हे आजच लेखी कळवून ठेवणं हाच त्यावरचा इलाज. पुढे कधी अशी वेळ आलीच आणि नाही म्हणवलं नाही, तर सहीच्या शेजारी तारीख आणि वेळ घाला आणि उरलेल्या जागेवर तिरकी रेघ मारा.

हे सगळं पुस्तकी वाटू नये म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांतली. पंचवटीतल्या मार्केट यार्डात हमाली करणारा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. गुरुवारी रात्री दहाला त्याला घरातून नेलं. शुक्रवारी सकाळी त्याची आई सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकासमोरच्या कोर्टाच्या आवारात माझं टेबल शोधत आली. आम्ही ठाण्यात गेलो तर ‘असा कोणी मुलगा आमच्याकडे नाही.’ आईला तर आतून त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता. तेव्हा आम्हा वकिलांचं हत्यार म्हणजे तार. मी पोलीस आयुक्तांना आणि मॅजिस्ट्रेटना तार केली : अमुक नावाचा मुलगा गुरुवारी रात्री दहापासून अमुक ठाण्यात आहे, अटक दाखवलेली नाही. तारेच्या पावतीवर तारीख असायची, वेळ असायची, सरकारी शिक्का असायचा.

शनिवारी दुपारी त्याला कोर्टात आणलं. अटकेची वेळ लिहिली होती शनिवारी सकाळी सहा. मॅजिस्ट्रेटनी नेहमीप्रमाणे विचारलं, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ मुलगा म्हणाला, ‘नाही साहेब.’ त्याच्या मागे हातभर अंतरावर हवालदार उभा होता. मी विनंती केली की एस्कॉर्टला दालनाबाहेर थांबवावं, आणि तारेची पावती पुढे ठेवली. साहेबांनी ती दोनदा वाचली. हवालदार बाहेर गेला. साहेबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मुलाने काही न बोलता सदरा वर केला.

त्या दिवशी पोलीस कोठडी मिळाली नाही. मुलाला तपासणीसाठी सिव्हिल हॉस्पिटलला पाठवलं आणि सोमवारी जामीन झाला. अनुच्छेद २२(२) मधल्या २४ तासांचा अर्थ मला कॉलेजात समजला नव्हता, तो त्या दालनात समजला. मुलगा खरं बोलला तरी पावतीशिवाय ती गुरुवारची रात्र शाबीत झाली नसती. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. आता तेच काम ईमेल करतो, स्पीड पोस्टाची पावती करते, आणि ११२ ला केलेला फोन करतो.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, ‘सुप्रीम कोर्टात जाऊ शकणाऱ्यांसाठीच का?’ अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा जो हक्क आहे, त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. पण त्या दारातून आत गेलेली कित्येक प्रकरणं श्रीमंतांची नव्हती. अटक करताना काय काय पाळायचं हे घालून देणारा १९९६ चा डी. के. बसू निकाल १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधून सरन्यायाधीशांना लिहिलेल्या एका पत्रातून उभा राहिला. मुंबईच्या लॉकअपमधल्या स्त्रियांबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी पत्र लिहिलं. त्यावर १९८३ मध्ये निकाल आला आणि स्त्री कैद्यांसाठी वेगळं लॉकअप, स्त्री पोलीस, अटक होताच कायदेशीर मदत समितीला खबर अशा गोष्टी ठरल्या. बिहारमध्ये निर्दोष सुटूनही १४ वर्षं तुरुंगात राहिलेल्या रुदुल साह याला त्याच वर्षी न्यायालयाने ३५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली, आणि मूलभूत हक्क मोडला तर सरकारला पैसे मोजावे लागतात हे पहिल्यांदा ठसलं. या निकालांचा उपयोग रोज होतो तो आपल्या तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटपुढे. मार्केट यार्डातला तो मुलगा सुटला तेव्हा मी दिल्लीचं तोंड पाहिलं नव्हतं.

घरमालकाचं मात्र वेगळं आहे. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध असतात. पोलीस, महापालिका, जिल्हाधिकारी, सरकारी दवाखाना हे ‘राज्य’ आहेत, तुमचा घरमालक नाही. अनुच्छेद २१ दाखवून त्याला अडवता येणार नाही. काही हक्क मात्र खासगी माणसालाही बांधतात आणि त्यांचा आपल्या गावाशी फार जवळचा संबंध आहे. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं चालवला, आणि मंदिराचं दार तेव्हा उघडलं नाही. त्या काळी अडवणारा इंग्रज सरकारचा अधिकारी असायचाच असं नव्हे, अडवणारे आपलेच शेजारी होते. म्हणून घटनेत अनुच्छेद १७ आला, अस्पृश्यता कोणीही पाळली तरी गुन्हा. म्हणून अनुच्छेद १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या जोडीला स्नानाचे घाटही मुद्दाम लिहिले आहेत. रामकुंडावर उभं राहून तो अनुच्छेद वाचला की तो कोणासाठी लिहिला ते वेगळं सांगावं लागत नाही. तुमचा घरमालक जातीवरून बोलत असेल तर मला वेगळं कळवा, ते प्रकरण निराळ्या वाटेने जाईल.

तो नुसता पोलीस आले म्हणून घाबरला असेल, तर तुमचं संरक्षण घटनेत न शोधता महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये शोधा. करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, ती जबाबदारी मालकाची. तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. करार असेल तर मुदतीपर्यंत थांबायला सांगा. मुदत संपल्यावरही खोली हवी असेल तर त्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. कुलूप बदलून सामान बाहेर ठेवायचं नसतं. भाडेकरूची माहिती ठाण्यात दिली नाही म्हणूनही कधी कधी मालक धास्तावतात. तसं असेल तर ती माहिती भरून द्या, अर्धं भांडण तिथेच मिटेल.

आता तुम्ही काय करावं. उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली जाण्यासारखं हे प्रकरण आहे का? कायद्याने जाता येईल. माझा सल्ला विचाराल तर आत्ता जाऊ नका. मार लागलेला नाही, गुन्हा दाखल नाही, मोबाइल परत मिळाला आहे. मुंबईच्या खेपा आणि खर्च तुमच्या पगाराला झेपणार नाही. तुम्हाला हवी आहे ती नोंद.

त्या तीन दिवसांत काय झालं ते एका पानावर लिहा. तारीख, वेळ, जागा, कोण काय बोललं. वाढवून लिहू नका. शिवी दिली नसेल तर दिली म्हणू नका. एक खोटं वाक्य पकडलं की उरलेली वीस खरी वाक्यं वाया जातात. पाळी सुटल्याची कारखान्यातली नोंद, ठाण्यातून निघाल्यावर कोणाला भेटलात, मोबाइल नसताना कोणाच्या फोनवरून घरी कळवलंत, हे सगळं जोडा. मग त्याचा अर्ज करून पोलीस आयुक्तांना ईमेल आणि स्पीड पोस्टाने पाठवा, प्रत ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना. त्यात तीन मागण्या असू द्या : मोबाइल कोणत्या कलमाखाली घेतला ते कळवा, कोऱ्या कागदावरची सही कशासाठी घेतली ते कळवा, आणि त्या संध्याकाळचं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवा. तिसरी मागणी सगळ्यात आधी करा. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत आणि चित्रीकरण १८ महिने, अगदीच शक्य नसेल तर किमान एक वर्ष राहायला हवं. प्रत्यक्षात कॅमेरे बंद असतात, म्हणून तर सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून पुन्हा दखल घेतली. तरीही अर्ज करा. ‘कॅमेरा बंद होता’ असं लेखी उत्तर आलं, तर तेही जपून ठेवण्यासारखं आहे.

वकिलाचा खर्च हा तुमचा प्रश्न असेलच. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये कोणाकोणाला मोफत वकील मिळतो याची यादी आहे : स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, ताब्यात असलेली माणसं, आणि औद्योगिक कामगार. तुम्ही त्या शेवटच्या गटात येता, उत्पन्न कितीही असलं तरी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टातच आहे, १५१०० हा हेल्पलाइनचा नंबर. आमच्या अंबड-सातपूरच्या कामगारांपैकी फार थोड्यांना हे माहीत आहे. कारखान्यात चहाच्या सुट्टीत चार जणांना सांगा.

अर्ज केला तर मागे लागतील का, ही तुमची भीती मी हलकी मानत नाही. तसं कधीच होत नाही असं वचन मला देता येणार नाही. माझा अनुभव असा की ज्याचा अर्ज आयुक्तालयात पोचलेला आहे, त्याला तोंडी ‘ये’ म्हणून बोलावणं कमी होतं. बोलावलंच तर समजपत्र हातात येतं. परत बोलावणं आलं तर एकटे जाऊ नका. ठाण्यात जाताना घरी कोणाला तरी मेसेज करा, ‘अमुक ठाण्यात, अमुक वाजता आत गेलो’, आणि बाहेर आल्यावर पुन्हा एक.

अर्ज लिहायला बसलात आणि पहिलं वाक्य सुचलं नाही तर हे घ्या : ‘मी दिनांक … रोजी सायंकाळी ६.०० ते रात्री १.३० पर्यंत आपल्या ठाण्यात होतो. मला येण्याबाबत कोणतीही लेखी सूचना देण्यात आली नव्हती.’ त्याच्यापुढे तुम्ही मला जसं लिहिलंत तसंच लिहा. तुमचं मराठी स्वच्छ आहे, कायद्याची भाषा घालू नका. आणि पोस्टाची पावती डबीत टाकायच्या आधी तिचा फोटो काढा, तिची शाई सहा महिन्यांत उडते.